नाव भाड्याने देणाऱ्या नोकिया कंपनीस, सोलापूरहून

प्रति,
माननीय संचालक मंडळ,
नोकिया कंपनी, एस्पू, फिनलंड

स. न. वि. वि.

तुमच्या नावाचा एसी भारतात विकायला आला होता, हे तुम्हाला माहीत असणारच, कारण परवानगी तुम्हीच दिली होती. डिसेंबर २०१९ मध्ये फ्लिपकार्टवर तुमच्या नावाचा टीव्ही आला. २०२० च्या डिसेंबरात लॅपटॉप आला आणि त्याच महिन्यात एसी. यातलं काहीही तुमच्या कारखान्यात बनलेलं नव्हतं, नाव तेवढं तुमचं. माझ्या धाकट्या दिरांनी हसत हसत मोबाइल माझ्यापुढे धरला, "वहिनी, तुमच्या नोकियाचा एसी बघा." आमच्या घरात नोकिया 'माझी' आहे. माझ्या माहेरची असल्यासारखं तिच्यावरून मला चिडवतात आणि मीही तिची बाजू घेऊन भांडते. त्या दिवशी मात्र काय बाजू घ्यावी ते कळेना.

मी सोलापूरच्या पूर्वभागात राहते. खाली माग, वर घर. आम्ही टेरी टॉवेल विणतो. हिशेब, ऑर्डरी आणि माणसांचे पगार माझ्याकडे आहेत, त्यामुळे नाव, माल आणि जबाबदारी या तीन गोष्टींची सांगड कशी घालावी लागते हे मला रोज बघावं लागतं. तुम्हाला लिहायचं धाडस त्या जोरावर करते आहे. मला तुमच्याशी भांडायचंही आहे आणि तुमचे आभारही मानायचे आहेत. आभारांचं आधी घेते, कारण ते देणं मोठं आहे.

देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना केला, तोही तुमच्याच फोनवरून. पण तो काळ आमचा नव्हता. तेव्हा आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे, मोबाइल म्हणजे सुताच्या मोठ्या व्यापाऱ्यांच्या कमरेला दिसणारी चीज. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि त्याच वर्षी तुमचा ११०० हा साधा फोन आला. मग पूर्वभागातल्या बोळाबोळांत तो दिसायला लागला. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरकडे, कांडी भरणाऱ्या बाईकडे, टेम्पोवाल्याकडे. बोलायला पैसे लागायचे, मिस्ड कॉलला लागत नव्हते. एक मिस्ड कॉल म्हणजे बीम, मागावरचा सुताचा रूळ, संपत आला. लागोपाठ दोन म्हणजे लाइट आली, माणसं पाठवा. आमचा कारखाना बरीच वर्षं या मिस्ड कॉलवर चालला आणि त्यातून टेलिफोन कंपन्यांना एक रुपया मिळाला नाही, याचा मला अजूनही थोडा आनंद आहे.

त्या वर्षांत लोडशेडिंग असं होतं की आज सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही. टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात, एक साध्या ताण्याचा आणि एक वरचे लूप उठवणारा. रात्रपाळीत वीज गेली की माग मध्येच थांबतो आणि नेमकी त्याच वेळी कुठेतरी सुताची तार तुटलेली असते. ती अंधारात शोधायची, गाठ मारायची आणि वीज यायच्या आत माग तयार ठेवायचा. आधी आम्ही मेणबत्ती वापरायचो. टॉवेलच्या कारखान्यात मेणबत्ती! सगळीकडे कापसाचे तंतू पसरलेले, भिंतीवर, तुळईवर, जाळ्यांवर. एक ठिणगी पडली असती तर काय झालं असतं हे आता मनात आणवत नाही.

आमचे जॉबर, त्यांना सगळे मामा म्हणतात, ११०० दातात धरायचे. टॉर्च पुढे, तोंड मागावर, दोन्ही हात मोकळे. ८६ ग्रॅमचा फोन, दातात धरायला बेताचा. तुटलेली तार सापडली की तोंडातल्या फोनसकट "हां" असा एक आवाज काढायचे आणि पलीकडचा माणूस समजायचा. फोन तोंडातून निसटून मागाच्या लाकडावर आदळला तर मामा वाकून उचलायचे, लुंगीला पुसायचे आणि परत दातात. मी ओरडले की म्हणायचे, "पडू दे की अक्का, काय होतंय ह्येला?"

खरंच काही होत नव्हतं. मी पुढे त्या फोनची माहिती वाचली तेव्हा कळलं की हा योगायोग नव्हता. सगळी बटणं रबराच्या एकसंध पत्र्यासारखी, मध्ये फट नाही, म्हणून धूळ आत जात नाही. बाजूला पकड बसावी म्हणून खडबडीत कडा. वर टॉर्च. ज्या देशात धूळ आहे, घाम आहे आणि वीज जाते, तिथला माणूस डोळ्यांपुढे ठेवून तो बनवलेला होता. आमच्या कारखान्यात इतका तंतू उडतो की पाळी संपेपर्यंत माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात, पंख्याच्या पात्यांना दाढी येते. त्यात ११०० च्या कीपॅडवर तंतू साठायचा, फुंकर मारली की उडायचा. आत काही नाही. असे तुमचे २५ कोटींवर फोन विकले गेले. तुमचा शंभर कोटीवा फोनही ११०० च होता, तो २००५ मध्ये नायजेरियात विकला गेला. नायजेरियातल्या त्या माणसाकडेही वीज जातच असेल.

माल बनवणारी बाई म्हणून सांगते, गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारणं सोपं असतं. तो वस्तू कुठे ठेवणार, कशाला पुसणार, कुठून पाडणार हे बघणं अवघड. ते तुम्ही बघितलं होतंत.

मेसेज आला की वाजणारा तुमचा तो तीन छोटे, दोन लांब, तीन छोटे असा आवाज मोर्स लिपीत 'एसएमएस' असं म्हणतो, हे मला फार उशिरा कळलं. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलंही नाहीत! असल्या गोष्टींवरून माणसं कंपनीच्या प्रेमात पडतात, जाहिरातींवरून नाही.

माझे भाऊ मोहोळ तालुक्यात शेती करतात. सोलापूरची बाजार समिती कांद्याची केवढी मोठी आहे ते तुम्हाला माहीत नसेल. हंगामात गाड्यांची रांग हायवेपर्यंत येते. भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. गाडी भरून आणल्यावर भाव पडलेला कळला तर परत नेण्यापेक्षा ओतून मोकळं होणं परवडतं. २००९ च्या सुमारास तुम्ही 'नोकिया लाइफ टूल्स' आणलंत. त्याची चाचणीही तुम्ही आपल्या महाराष्ट्रात घेतली होती. इंटरनेट नको, साध्या फोनवर एसएमएसने बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला, आणि तोही मराठीत. भावाने ते घेतलं होतं. प्रत्येक वेळी उपयोग झाला असं नाही, पण गाडी भरायच्या आधी मोबाइल बघायची सवय त्याला तिथून लागली. आज तो तेच काम दुसऱ्या ॲपवर करतो. तुमची सेवा मागेच बंद पडली. ती का चालली नाही याचा हिशेब तुमच्याकडे असेलच. पण स्मार्टफोन खेड्यात पोचायच्या कितीतरी आधी शेतकऱ्याच्या हातात मराठीतून भाव देणारी कंपनी ती गोष्ट सोडून कशी देते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आता बॅटरीचं. हे जरा सविस्तर लिहिते, कारण माझं सगळं भांडण इथून सुरू होतं.

ऑगस्ट २००७ मध्ये तुम्ही जाहीर केलं की तुमच्या फोनांतल्या बीएल-५सी या मापाच्या बॅटऱ्यांपैकी ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापण्याची शक्यता आहे. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात जपानच्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या त्या बॅटऱ्या होत्या. टीव्हीवाल्यांनी दोन-चार दिवस असा धुरळा उडवला की लोक फोन उशाशी ठेवायला घाबरायला लागले. पूर्वभागात चहाच्या टपरीवर माणसं मोबाइलचं मागचं झाकण काढून, बॅटरी उलटी करून, त्यावरचा बारीक अक्षरांतला लांबलचक नंबर एकमेकांकडून वाचून घेत होती. ज्याला इंग्रजी वाचता येतं त्याला त्या दिवसांत चहा फुकट होता.

तुम्ही तेव्हा असं म्हणाला नाहीत की बॅटरी मात्सुशिताची आहे, त्यांच्याकडे जा. म्हणता आलं असतं. बॅटरी कुणी बनवली हे कागदोपत्री स्पष्ट होतं. तुम्ही म्हणालात, नाव आमचं आहे, बदलून देतो, पैसे लागणार नाहीत. खर्च कोणी किती उचलायचा ते तुम्ही दोघांनी आपसांत मिटवलं असेल, गिऱ्हाइकाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. आमच्या ह्यांनी त्या वेळी मला म्हटलेलं आठवतं की सुतात खोट निघाली तरी गिऱ्हाइक गिरणीवाल्याला विचारत नाही, आपल्याला विचारतं. तुम्ही तेच केलंत. त्या प्रकरणानंतर लोक तुमच्यापासून लांब जातील असं वाटलं होतं, उलट तुमच्या नावावरचा विश्वास वाढला.

(ती बीएल-५सी अजून मेली नाही, बरं का. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर, भजनांचे छोटे स्पीकर आणि रेडिओ विकायला असतात. मागचं झाकण उघडा, आत त्याच मापाची बॅटरी. बनवणारे भलतेच, पण माप तुमचं ठरलेलं.)

मग तुमचे दिवस फिरले. तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे, मी तो उगाळत बसत नाही. २००७ मध्ये जगात विकल्या जाणाऱ्या दर पाच फोनांपैकी जवळपास दोन तुमचे होते. त्याच वर्षी आयफोन आला, पुढच्या वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन. तुम्ही फोनमधली जुनी सिम्बियन प्रणाली धरून बसलात. फेब्रुवारी २०११ मध्ये तुमचे तेव्हाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून समुद्रातल्या पेटलेल्या तेलफलाटावरच्या माणसाची गोष्ट सांगितली. ज्या वेळी कारखान्यांतून रोज लाखो फोन बाहेर पडत होते, त्या वेळी मालकच म्हणतो की घर पेटलंय. कोण घेणार मग? आमच्याकडे व्यापारी असं बोलला तर दुसऱ्या दिवशी त्याचं सूत उधारीवर कोणी देणार नाही.

त्याच महिन्यात तुम्ही मायक्रोसॉफ्टचा हात धरलात. त्यांच्या विंडोजवर चालणारे तुमचे लुमिया फोन आले. दिसायला देखणे होते, यात वाद नाही. ज्यांनी इतरांचं न ऐकता, केवळ नोकिया आहे म्हणून लुमिया ८०० घेतला, त्यांना वर्षही पुरं व्हायच्या आत, जून २०१२ मध्ये, कळलं की नवं विंडोज फोन ८ त्यांच्या फोनवर चालणार नाही. मी काही लुमिया घेतला नव्हता. तरी ती बातमी वाचून मला वाईट वाटलं ते अशासाठी, की त्या वेळी लुमिया घेणारा माणूस हा तुमचा शेवटचा निष्ठावान होता. बाकीचे केव्हाच सॅमसंगकडे गेले होते. जो थांबला त्यालाच तुम्ही मागे ठेवलंत.

श्रीपेरुम्बुदूरबद्दल मी जपून लिहिते, कारण तिथला सगळा दोष तुमचा नाही. २००६ मध्ये चेन्नईजवळ तुम्ही कारखाना काढलात. खेड्यापाड्यांतल्या हजारो मुली तिथे कामाला लागल्या. कित्येकींच्या घरातला तो पहिला नियमित पगार असेल. पुढे आयकर खात्याशी तुमचा वाद झाला, मालमत्तेवर टाच आली, त्यामुळे मायक्रोसॉफ्टला फोनधंदा विकताना हा कारखाना त्यात देता आला नाही आणि १ नोव्हेंबर २०१४ ला तो बंद झाला. सोलापूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या बंद पडलेल्या कापड गिरण्यांची नावं आमच्याकडे आता पत्ता सांगताना येतात. भोंगा बंद झाल्यावर गावाचं काय होतं, बायका विडीच्या कारखान्यात कशा जातात, पोरं पुण्याच्या गाडीत कशी बसतात, हे आम्ही पाहिलेलं आहे. श्रीपेरुम्बुदूरच्या त्या जागेत आता सालकॉम्प ही कंपनी चार्जर बनवते. चला, दिवे तरी लागले.

तर, फोनचा धंदा विकायचं सप्टेंबर २०१३ मध्ये जाहीर केलंत आणि एप्रिल २०१४ मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या हातात गेला. ५४४ कोटी युरोंचा सौदा. दुसऱ्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने त्यापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत धरले. म्हणजे विकलंत ते योग्य वेळी विकलंत, असं धंद्याचा हिशेब सांगतो. त्याबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. तोट्यातले माग भंगारात देताना आमच्या घरातही कुणी जेवलं नव्हतं, पण दिले.

माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. माग विकले तरी नाव आपल्यापाशी राहतं. तुम्ही ते नाव भाड्याने द्यायला लागलात.

२०१६ मध्ये एचएमडी ग्लोबल या नव्या कंपनीला तुमच्या नावाने फोन विकायचा हक्क दहा वर्षांसाठी दिल्याचं जाहीर झालं. फिनलंडचीच कंपनी, तुमच्याकडची जुनी माणसंही तिच्यात होती, त्यामुळे सुरुवातीला बरं वाटलं. एचएमडीने वाईट काम केलं असंही मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये त्यांनी नोकिया १०५ मध्ये यूपीआय १२३पे बसवून दिलं. इंटरनेट नसलेल्या तेराशे रुपयांच्या फोनवरून पैसे पाठवता येणं ही आमच्या कामगारांसाठी छोटी गोष्ट नाही. ज्यांना स्मार्टफोन नको आहे, परवडत नाही किंवा बोटांना जमत नाही, त्यांचा विचार त्या फोनमध्ये केलेला दिसतो. तिथे मला जुनी नोकिया थोडी भेटली. पण २०२४ पासून एचएमडीने स्वतःच्या नावानेही फोन विकायला सुरुवात केली. त्यांचंही बरोबर आहे, दुसऱ्याच्या नावावर किती दिवस काढायचे? आणि टीव्ही, लॅपटॉप, एसीचं मी वर सांगितलंच.

इकडे तुम्ही फेब्रुवारी २०२३ मध्ये लोगो बदललात. ओळखीचा निळा रंग गेला, अक्षरांच्या रेघा अर्ध्या गायब झाल्या. तुमचे तेव्हाचे प्रमुख पेक्का लुंडमार्क यांनी सांगितलं की लोकांच्या मनात नोकिया म्हणजे अजून मोबाइल फोन आहे, आणि आता आम्ही ते नाही. आम्ही नेटवर्कची कंपनी. हे मला मान्य आहे, थोडा अभिमानही आहे. एअरटेल आणि जिओच्या ५जी नेटवर्कमध्ये तुमची यंत्रं आहेत, म्हणजे मी गिऱ्हाइकाला टॉवेलचे फोटो पाठवते ते कुठे ना कुठे तुमच्या हातून जात असतील. पण मग दोन दगडांवर पाय कशाला? फोनवाले आम्ही नाही असं जगाला सांगायचं आणि फोनवर, टीव्हीवर, एसीवर आपलं नाव लावायचे पैसेही घ्यायचे. नेटवर्क विकताना तुम्हाला ते जुनं नाव अडचणीचं वाटतं आणि एसी विकताना तेच उपयोगी पडतं.

तुम्ही म्हणाल, या बाईला काय त्रास आहे? नाव आमचं, आम्ही कोणालाही देऊ. म्हणून आता आमचं सांगते.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही जीआय मानांकन आहे. म्हणजे सोलापुरात विणलं तरच ते नाव लावायचं. कायदा असा, बाजार तसा नाही. बाहेरगावी, विशेषतः पानिपतकडे, स्वस्तात चादरी विणल्या जातात, त्यावर 'सोलापुरी' असा कागद चिकटतो आणि त्या देशभर जातात. पुण्याच्या एका प्रदर्शनात आम्ही गाळा घेतला होता. एक बाई आल्या, टॉवेलला हातही न लावता म्हणाल्या, "सोलापूरचं नको बाई, मागची चादर एका धुण्यात विटली." मी विचारलं, कुठून घेतली होती? रस्त्यावरच्या सेलमधून. किंमत सांगितली तेव्हाच मला कळलं. त्या किमतीत आमच्याकडे सूतसुद्धा येत नाही, विणाई आणि रंग लांबच. पण मी त्यांना काय समजावणार? कागदावर नाव सोलापूरचं होतं, त्यांच्या दृष्टीने फसवलं सोलापूरने. मी त्यांना आमचा टॉवेल उलटा करून दाखवला, लूप दोन्ही बाजूंनी कसे सारखे आहेत, कडेची पट्टी कशी घट्ट बसली आहे. त्यांनी ऐकून घेतलं, छान आहे म्हणाल्या आणि काहीही न घेता पुढच्या गाळ्यावर गेल्या.

आमच्यातलेच काही जण बाहेरचा माल आणून इथल्या दुकानात विकतात, हेही खोटं नाही. यात्रेकरू तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट करून सोलापुरात उतरतो, गावची खूण म्हणून चादर घेतो आणि त्याला पानिपतची मिळते. या लोकांवर माझा जेवढा राग आहे तेवढा पानिपतवाल्यांवरही नाही.

तेव्हा बघा, आम्ही आमचं नाव कुणाला दिलेलं नाही, ते आमच्याकडून ओरबाडलं जातं, तरी विटलेल्या चादरीचा जाब आम्हाला द्यावा लागतो. तुम्ही स्वतःच्या हाताने, करार करून, पैसे घेऊन देता. आणि जाब मात्र द्यायचा नाही. खोक्यावरच्या बारीक अक्षरांत कुठेतरी लिहिलेलं असतं की बनवणारा अमुक, विकणारा तमुक, नोकिया हे नाव परवान्याने वापरलेलं आहे. ती अक्षरं वाचायला चष्मा लागतो. 'नोकिया' वाचायला लागत नाही. २००७ मध्ये तुम्ही दुसऱ्याच्या बॅटरीची जबाबदारी तुमच्या नावासाठी घेतलीत. आज तुमच्या नावाची जबाबदारी दुसऱ्यावर टाकता. मला जे टोचतंय ते एवढंच.

आता काय हवं आहे ते सांगते.

जुना ११०० परत आणा असं मी म्हणत नाही. असल्या आठवणींवर चालणारे फोन मी पाहिलेत, २०१७ मध्ये ३३१० चं नवं रूप आलं तेव्हा चार दिवस कौतुक झालं. मला खोक्यावर, पुढच्या बाजूला, तुमच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत हे हवं आहे की वस्तू कोणी बनवली आणि बिघडली तर कोणाकडे जायचं. महाराष्ट्रात विकायची असेल तर मराठीत. एवढं लिहायला लाज वाटत असेल तर त्या वस्तूला नाव देऊ नका. आणि नाव द्यायच्या आधी तुमच्या माणसाने ती वस्तू हातात घेऊन बघावी, धुळीत, उकाड्यात, वीज जाते तिथे. आमच्याकडे मे महिन्यात या, ४२-४३ अंश सहज असतं. राहायची सोय करते, आमच्याकडे शेंगाचटणी आणि कडक भाकरी मिळेल. पाणी मात्र रोज येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दुसरं, बॅटरी. माझा आताचा फोन तुमच्या नावाचा नाही, कोणाचा आहे ते इथे लिहीत नाही. त्याची बॅटरी उतरली तेव्हा नवी पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने मागची काच हीटगनने तापवली, गिटार वाजवायच्या त्रिकोणी चकतीने हळूहळू सोडवली, आतला डिंक खरवडला आणि काच परत चिकटवताना मला म्हणाला, "आता पाण्यापासून जपा." जे काम मामा टपरीवर उभं राहून नखाने करायचे, त्याला अर्धा दिवस गेला. तुमच्या युरोपनेच आता कायदा केलाय, १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक उपकरणांतली बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतःला काढता आली पाहिजे. त्यातही पळवाटा आहेत म्हणे. पण तुमचं नाव ज्या फोनवर असेल त्याला पळवाट नको. आणि कायद्याचं राज्य युरोपपुरतं असलं तरी तुमच्या करारात भारताचाही उल्लेख करता येतो, कागद तुमचाच आहे.

आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर नाव परत घ्या आणि कपाटात ठेवून द्या. रागावून सांगत नाही. नेटवर्कच्या धंद्यात तुमचं भलं होवो, त्यासाठी फोनवर नाव असायची गरज नाही असं तुम्हीच म्हणता. ज्यांनी तुमच्या नावावर डोळे मिटून वस्तू घेतल्या, त्या पिढीतली माणसं अजून बाजारात आहेत. दुकानदाराला ते ठाऊक आहे, म्हणून तो त्यांच्यापुढे तोच खोका आधी ठेवतो.

ताबडतोब उत्तर हवं आहे ते एका गिऱ्हाइकासाठी. मामांच्या ११०० च्या कीपॅडचं रबर इतक्या वर्षांनी पाचच्या आकड्यावर फाटलंय, आणि पेन्शनचा, गॅसचा, बँकेचा ओटीपी वाचायला आता स्क्रीनही थोडी मोठी लागते. दिवाळीच्या बोनसबरोबर त्यांना नवा फोन घेऊन द्यायचं आमचं ठरलंय. कोणता घेऊ असं विचारलं तर ते माझ्याकडे असं बघतात की हे काय विचारणं झालं, नोकियाच. मी त्यांना सांगून पाहिलं की मामा, ती कंपनी आता फोन बनवत नाही, नाव तेवढं लावतात. ते म्हणाले, "अक्का, नाव लावलंय म्हणजे त्येंनीच बघितलं असंल की." दिवाळीच्या आधी कळवलंत तर बरं होईल, की बघितलंय का.

कळावे,
आपली एक जुनी गिऱ्हाईक,
पूर्वभाग, सोलापूर